साठ पेशंटच्या डेटावरून किती बोलता येतं? नर्सिंग आणि मेडिकल संशोधनासाठी इन्फरन्शियल स्टॅटिस्टिक्स

इन्फरन्शियल स्टॅटिस्टिक्स म्हणजे थोड्या माणसांच्या डेटावरून सगळ्यांबद्दल बोलायचं गणित. डेटा गोळा झाला, मास्टर चार्ट (सगळ्या पेशंटच्या माहितीचा तक्ता) भरला, आणि मग "आता कुठली टेस्ट लावू?" म्हणत स्टॅटिस्टिशियन शोधायला निघायचं, हा क्रमच उलटा आहे. तोपर्यंत व्हायच्या त्या चुका होऊन गेलेल्या असतात आणि त्या कुठल्याच सॉफ्टवेअरने निघत नाहीत. खालचं सगळं त्याआधीच्या टप्प्यासाठी आहे. एम.एस्सी. नर्सिंगचा सिनॉप्सिस लिहिणाऱ्यांसाठी, पीजी रेसिडेंटसाठी, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात बसून लेप्टोच्या किंवा सर्पदंशाच्या रजिस्टरमधून काही शोधू पाहणाऱ्यांसाठी. गणित दहावीचं पुरतं. वर्ग, वर्गमूळ आणि टक्केवारी आली की झालं.

सुरुवातीला चारच गोष्टी हाताने करून शिका: एका सरासरीचा कॉन्फिडन्स इंटरव्हल (सीआय, म्हणजे सगळ्यांची खरी सरासरी ज्यात असावी तो पट्टा), पेअर्ड टी (त्याच माणसांची आधी-नंतरची तुलना), अनपेअर्ड टी (दोन वेगळ्या गटांच्या सरासरींची तुलना) आणि काय-स्क्वेअर (गटांतल्या मोजणीची तुलना). प्रत्येक एकदा तरी कागद आणि कॅल्क्युलेटर घेऊन. अनोव्हा, रिग्रेशन वगैरे नंतर. या चारांत मुरलेल्या माणसाला पुढचं वाचून कळतं. नुसती बटणं दाबायला शिकलेल्याला मात्र व्हायव्हात "हीच टेस्ट का?" या पहिल्याच प्रश्नाला घाम फुटतो.

आधी प्रश्न, मग रिकामं टेबल

"कोकणातील गरोदर स्त्रियांमधील ॲनिमियाचा अभ्यास" हा विषय झाला, प्रश्न नव्हे. प्रश्न असा हवा: "देवगड तालुक्यात तिसऱ्या तिमाहीत असलेल्या गरोदर स्त्रियांचं सरासरी हिमोग्लोबिन ११ च्या खाली आहे का?" यात कोण, काय मोजायचं, कुठे आणि कशाशी ताडून बघायचं हे सगळं आलं. ताडून बघायचा आकडाही आधीच ठरवून लिहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत दुसऱ्या तिमाहीची मर्यादा १०.५ आहे, पहिल्या आणि तिसऱ्या तिमाहीची ११. डेटा बघून मग सोयीची मर्यादा निवडली, तर पुढच्या गणिताला काहीच अर्थ राहत नाही.

मग एकच गोष्ट ठरवा: तुमचं उत्तर आकडा आहे की गट? हिमोग्लोबिन १०.४ हा आकडा. "ॲनिमिक आहे / नाही" हा गट. टेस्टची निवड बहुतांशी इथेच होऊन जाते. आकडा असेल तर सरासरी आणि टी-टेस्टच्या घरात, गट असेल तर टक्केवारी आणि काय-स्क्वेअरच्या घरात. आकडा मिळत असेल तर आकडाच लिहून ठेवा. त्यातून गट केव्हाही पाडता येतात, गटांतून आकडा परत मिळत नाही. नर्सिंगच्या थिसीसमध्ये ज्ञानाचा स्कोअर सरसकट "पुअर, ॲव्हरेज, गुड" असा तीन डब्यांत टाकतात आणि मग काय-स्क्वेअर लावतात. स्कोअर १० असलेली आणि ११ असलेली वेगवेगळ्या डब्यांत, आणि ११ असलेली आणि १५ असलेली एकाच डब्यात. हातातली माहिती अशी आपणच फेकून द्यायची आणि वर सॅम्पल कमी पडलं म्हणायचं.

प्रश्न ठरला की रिकामं टेबल काढा. वर मथळे, डावीकडे गट, आत नुसत्या रेघा. हे टेबल काढता येत नसेल तर प्रश्न अजून पक्का झालेला नाही, आणि प्रश्नावलीची झेरॉक्स काढायला जायची वेळ आलेली नाही.

सॅम्पल कुणाचं आहे?

शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण वरचं शीत शिजलं म्हणून तळाचा भात करपला नाही असं होत नाही. इन्फरन्सचं सगळं गणित एक गृहीत धरून चालतं: तुम्ही मोजलेली माणसं ज्यांच्याबद्दल बोलायचं आहे त्यांच्यातूनच, कुणाची निवड न करता आली आहेत. कोकणात हे गृहीत कुठे मोडतं ते आधी बघा.

भर लावणीत सकाळी दहाला वाडीत गेलात तर घरी म्हातारी माणसं आणि लहान मुलं सापडतात. घरातला कर्ता माणूस मुंबईला. तोच सर्व्हे गणपतीत किंवा शिमग्याला केला तर घर चाकरमान्यांनी भरलेलं असतं आणि तुम्ही रत्नागिरीच्या नावाखाली डोंबिवलीचं ब्लड प्रेशर मोजून येता. खलाशी जून-जुलैच्या मासेमारी बंदीत भेटतात, पण तेव्हा त्यांचं जेवण, झोप आणि काम तिन्ही वेगळं असतं. यावर उपाय गणिताचा नाही, वेळापत्रकाचा आहे. कुठल्या महिन्यात, कुठल्या वेळी जायचं आणि घर बंद असेल तर किती वेळा परत जायचं, हे प्रोटोकॉलमध्ये लिहून ठेवा.

दवाखान्यातल्या सॅम्पलचा पेच आणखी निराळा. जिल्हा रुग्णालयात पोचलेले सर्पदंशाचे रुग्ण म्हणजे गावात दंश झालेले सगळे नव्हेत. विष न भिनलेले काही घरीच राहतात, काही आधी मांत्रिकाकडे जातात, काही वाटेतच दगावतात. तेव्हा "आमच्या वॉर्डात दाखल झालेल्यांपैकी इतके टक्के" असंच लिहा, "तालुक्यात इतके टक्के" असं नको.

यादी हातात असेल तर रँडम निवड अवघड नाही. एएनसी (गरोदर स्त्रियांच्या तपासणीच्या) रजिस्टरमध्ये २४० नावं आहेत, ६० हवीत. २४० भागिले ६० म्हणजे ४. एक ते चार यांतली एक चिठ्ठी काढा, ३ आली तर ३, ७, ११, १५ असं पुढे जा. निवडलेली बाई भेटली नाही म्हणून शेजारणीला धरायचं नाही. ती "भेटली नाही" म्हणून नोंदवायची. यादीच नसेल, म्हणजे येणारे पेशंट घ्यायचे असतील, तर तारखा ठरवून त्या काळात निकषात बसणारा प्रत्येक पेशंट घ्या, रात्रपाळीचे आणि रविवारचेसुद्धा. "सोयीने घेतले" यापेक्षा हे कितीतरी बरं.

आणि वाडीचं गणित. एका वाडीतली माणसं एकाच विहिरीचं पाणी पितात, एकाच मळ्यात राबतात, बऱ्याचदा एकमेकांची नात्यातली असतात. त्यामुळे दोन वाड्यांतून तीस-तीस घेतलेली साठ माणसं ही साठ सुट्या माणसांइतकी माहिती देत नाहीत. किती देतात ते काढता येतं. डिझाइन इफेक्ट (सॅम्पलला ज्याने भागायचं तो आकडा) = १ + (एका वाडीतली माणसं − १) × आतला सारखेपणा, म्हणजे एकाच वाडीतली माणसं एकमेकांसारखी किती. हा सारखेपणा समजा ०.०५ धरला, तर १ + २९ × ०.०५ = २.४५. साठ भागिले २.४५, म्हणजे हातात खरी माहिती साधारण २४ माणसांची. तेच साठ जण सहा वाड्यांतून दहा-दहा घेतले तर डिझाइन इफेक्ट १.४५ आणि खरी माहिती ४१ जणांची. खर्च येतो तो फक्त रिक्षाचा. माणसं वाढवण्यापेक्षा वाड्या वाढवा.

स्टँडर्ड एरर: हे कळलं तर बाकीचं कळेल

एसडी (स्टँडर्ड डेव्हिएशन) सांगते की माणसं एकमेकांपासून किती वेगळी आहेत. स्टँडर्ड एरर सांगते की तुमची सरासरी किती डळमळीत आहे. दोन्ही "प्लस-मायनस" लावून लिहितात, म्हणून घोळ होतो.

समजा ४० गरोदर स्त्रिया, सरासरी हिमोग्लोबिन १०.८, एसडी १.६. स्टँडर्ड एरर = एसडी भागिले सॅम्पलचं वर्गमूळ. ४० चं वर्गमूळ ६.३२, तेव्हा १.६ ÷ ६.३२ = ०.२५. आता टी-टेबलमध्ये ३९ डिग्रीज ऑफ फ्रीडमसमोर (डीएफ, इथे ४० वजा १), ०.०५ च्या दोन बाजूंच्या रकान्यात २.०२ सापडतो. २.०२ × ०.२५ म्हणजे साधारण ०.५१. ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल १०.२९ ते ११.३१.

आता वाचा काय झालं ते. तुमच्या चाळीस जणींची सरासरी ११ च्या खाली आहे, यात वाद नाही. पण ज्या सगळ्या स्त्रियांबद्दल बोलायचं आहे त्यांची सरासरी ११ च्या खाली आहे असं या डेटावरून म्हणता येत नाही, कारण ११ हा आकडा पट्ट्याच्या आतच आहे. सॅम्पल चौपट केलं, १६० घेतल्या, आणि सरासरी-एसडी तेवढीच आली, तर पट्टा अर्धा होतो: १०.५५ ते ११.०५. चौपट कष्ट, अर्धा पट्टा. वर्गमूळ असं महागात पडतं. आणि ११ अजून आतच!

हा पट्टा स्त्रियांचा नाही, सरासरीचा आहे. "९५ टक्के स्त्रियांचं हिमोग्लोबिन १०.२९ ते ११.३१ मध्ये आहे" असं लिहिलेलं आढळतं, ते चूक. स्त्रियांचा पसारा एसडीवरून काढायचा: १०.८ वजा-अधिक ३.२, म्हणजे साधारण ७.६ ते १४. सरासरी १०.८ असलेल्या गटात सातच्या घरातल्याही काही जणी असतात, आणि वॉर्डात चिंता त्यांचीच असते. सरासरीने ॲनिमियाचं प्रमाण कळत नाही, ते वेगळं मोजावं लागतं.

पी व्हॅल्यू आणि पेअर्ड टी

पी व्हॅल्यू म्हणजे: खरोखर काहीच फरक नसता, तर निव्वळ योगायोगाने आत्ता दिसतोय तेवढा किंवा त्याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता. एवढंच. "नल हायपोथेसिस (काहीच फरक नाही हे गृहीतक) खरी असण्याची शक्यता" ती नव्हे. उपचार किती उपयोगी आहे हेही ती सांगत नाही. पी ०.२० आली म्हणून "फरक नाही" हे सिद्ध होत नाही, कदाचित सॅम्पल लहान होतं. आणि ०.०५ ही काही निसर्गाने आखलेली रेघ नाही, रोनाल्ड फिशरच्या १९२५ च्या पुस्तकामुळे रूढ झालेला तो संकेत आहे. ०.०४८ वर पेढे आणि ०.०५२ वर सुतक, असं करू नका.

आता नर्सिंग थिसीसमधलं नेहमीचं काम: शिकवण्याआधी आणि शिकवल्यानंतरचा स्कोअर. सर्पदंशात वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी कशी करायची यावर आठ स्टाफ नर्सेसची २० मार्कांची परीक्षा घेतली असं धरू. आकडे सरावापुरते आहेत.

आधी: ९, ११, ८, १२, १०, ७, ११, १२
नंतर: १३, १४, १०, १३, १५, १०, १२, १७

पहिली पायरी: प्रत्येकीचा फरक काढा. ४, ३, २, १, ५, ३, १, ५. बेरीज २४, सरासरी ३.
दुसरी: प्रत्येक फरकातून ३ वजा करून वर्ग करा. १, ०, १, ४, ४, ०, ४, ४. बेरीज १८.
तिसरी: १८ ला ७ ने भागा (आठ वजा एक), २.५७. त्याचं वर्गमूळ १.६०, ही फरकांची एसडी.
चौथी: १.६० ÷ √८ = ०.५७, हा स्टँडर्ड एरर.
पाचवी: टी = ३ ÷ ०.५६७ = ५.२९.

टेबलमध्ये ७ डिग्रीज ऑफ फ्रीडमसमोर ०.०५ साठी २.३६५, ०.०१ साठी ३.४९९, ०.००१ साठी ५.४०८. आपला टी शेवटच्या दोहोंच्या मध्ये, म्हणून पी ०.०१ पेक्षा कमी, ०.००१ पेक्षा जास्त. इंटरव्हल ३ वजा-अधिक २.३६५ × ०.५६७, म्हणजे १.७ ते ४.३ मार्क.

याच डेटावर चुकून अनपेअर्ड टी लावला तर? फरक तोच, ३. पण स्टँडर्ड एरर १.०७ होतो, टी २.८१ वर घसरतो आणि पट्टा ०.७ ते ५.३ इतका पसरतो. कारण आता नर्स-नर्समधला मुळातला फरकसुद्धा गोंगाट म्हणून मोजला जातो. पेअर्ड टेस्ट प्रत्येकीला तिच्याशीच ताडते, म्हणून तो गोंगाट निघून जातो. उलटी चूकही होते. दोन वेगळ्या वॉर्डांतल्या नर्सेस, दोन्हीकडे तीस-तीस, म्हणून "पेअर" करून टाकलेल्या. संख्या सारखी असली म्हणून जोडी होत नाही. एका ओळीतले दोन आकडे एकाच माणसाचे, किंवा मुद्दाम जुळवलेल्या दोन माणसांचे असले पाहिजेत. म्हणून दोन्ही परीक्षांच्या कागदावर कोड नंबर घाला. तो नसेल तर दुसऱ्या परीक्षेनंतर कुठला कागद कुणाचा हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही, आणि पेअर्ड टेस्ट गेलीच.

पी कितीही छोटी आली तरी या आराखड्याची एक दुखरी नस आहे. तुलनेला दुसरा गट नाही. तीच प्रश्नावली आठवड्याने पुन्हा दिली की न शिकवताही मार्क वाढतात, कारण प्रश्न ओळखीचे झालेले असतात. ज्यांना पहिल्यांदा फार कमी मिळाले त्यांचे दुसऱ्यांदा आपोआप थोडे वर सरकतात. "शिकवल्यामुळे वाढले" म्हणायचं असेल तर न शिकवलेला गटही हवा (अभ्यास संपल्यावर त्यांनाही शिकवा, ते एथिक्स कमिटीलाही पटतं). मग तुलना दोन गटांतल्या वाढीची, म्हणजे अनपेअर्ड टी. दोन गटांची एसडी सारखी असेलच असं नसतं, तेव्हा वेल्चचा प्रकार वापरा.

काय-स्क्वेअर, महाडच्या विंचवावर

यासाठी उदाहरण शोधायला लांब जायला नको. रायगड जिल्ह्यातल्या महाडच्या डॉ. हिम्मतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांची लाल विंचवाच्या दंशावरची रँडमाइज्ड ट्रायल (कुणाला कुठला उपचार हे चिठ्ठीसारखं रँडम ठरवलेली) २०११ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आली. एकूण ७० रुग्ण, निम्म्यांना प्राझोसिन हे औषध आणि विंचवाची प्रतिलस, निम्म्यांना नुसतं प्राझोसिन. दहा तासांनी लक्षणं पूर्ण गेलेले रुग्ण पहिल्या गटात ३५ पैकी ३२, दुसऱ्यात ३५ पैकी ८. हाताने करून बघायला याहून चोख आकडे मिळणं कठीण.

चार खाने मांडा. प्रतिलस गट: ३२ बरे, ३ नाहीत. नुसतं प्राझोसिन: ८ बरे, २७ नाहीत. एकूण बरे ४०, न झालेले ३०.

उपचाराने काही फरक पडत नसता तर ४० बरे झालेले दोन सारख्या गटांत २०-२० वाटले गेले असते आणि उरलेले १५-१५. हे अपेक्षित आकडे. (गट सारखे नसतील तर ओळीची बेरीज × स्तंभाची बेरीज ÷ एकूण.) आता प्रत्येक खान्यात: मिळालेला वजा अपेक्षित, त्याचा वर्ग, भागिले अपेक्षित. चारही खान्यांत तफावत १२ चीच आहे, वर्ग १४४. १४४ ÷ २० = ७.२, असे दोन खाने. १४४ ÷ १५ = ९.६, असे दोन. बेरीज ३३.६. एका डिग्री ऑफ फ्रीडमला ०.०५ साठी ३.८४ आणि ०.००१ साठी १०.८३ लागतो. पी ०.००१ पेक्षा कितीतरी कमी. सॉफ्टवेअर शेजारी ३०.९ असा दुसरा आकडा दाखवेल, तो येट्स करेक्शनचा, बिचकू नका.

पण इथे थांबलात तर अर्धंच काम झालं. ३३.६ हा आकडा ड्यूटीवरच्या डॉक्टरला काहीच सांगत नाही. त्याला सांगायचं ते असं: ९१.४ टक्के विरुद्ध २२.९ टक्के, फरक ६८.६ टक्क्यांचा. फरकाचा स्टँडर्ड एरर काढायला प्रत्येक गटात (प्रमाण × उरलेलं प्रमाण ÷ ३५), दोन्हींची बेरीज, वर्गमूळ: ०.०८५. त्याची १.९६ पट ०.१६७. म्हणजे फरक ५२ ते ८५ टक्क्यांच्या पट्ट्यात. आणि १ ÷ ०.६८६ = १.४६, अर्थात दहा तासांत एक जास्तीचा रुग्ण बरा व्हायला दीड रुग्णाला प्रतिलस द्यावी लागते. ३५-३५ च्या ट्रायलमधून इतकं ठाम बोलता आलं, कारण फरकच मोठा होता. याचा अर्थ ३५ हा आकडा तुमच्याही अभ्यासाला पुरेल असा नाही.

ही ट्रायल ओपन लेबल होती, कुणाला काय दिलं हे लपवलेलं नव्हतं. कुठलाही पेपर वाचताना असं काही दिसलं की लक्षात ठेवा: पी व्हॅल्यू फक्त योगायोगाचा हिशेब करते, बघणाऱ्याच्या कलाचा नाही.

काय-स्क्वेअर कुठे बिघडतो? कुठल्याही खान्यात अपेक्षित आकडा ५ पेक्षा कमी असेल तर २ × २ टेबलला फिशरची एक्झॅक्ट टेस्ट लावा. लक्षात घ्या, अपेक्षित आकडा. मिळालेला नव्हे. वरच्या उदाहरणात एका खान्यात ३ आहे, तरी अपेक्षित १५ असल्याने काय-स्क्वेअर चालतो. खान्यांत टक्केवारी भरू नका, माणसं मोजून भरा. एकच माणूस दोन खान्यांत येता कामा नये. आणि आधी-नंतरचं हो/नाही असेल, म्हणजे माणसं तीच, तर काय-स्क्वेअर नव्हे, मॅकनेमार टेस्ट.

यापेक्षा मोठा रोग म्हणजे "डेमोग्राफिक व्हेरिएबल्सशी असोसिएशन". वय, शिक्षण, धर्म, उत्पन्न, कुटुंबाचा प्रकार, आहार... दहा व्हेरिएबल्स, दहा काय-स्क्वेअर, आणि एकात पी ०.०३ आली की त्यावर चर्चेचं अख्खं पान. कशाचाच कशाशी संबंध नसला तरी दहा सुट्या टेस्टमध्ये एखादी तरी "सिग्निफिकंट" निघायची शक्यता १ − ०.९५ चा दहावा घात, म्हणजे ४० टक्के. एक-दोन व्हेरिएबल्स आधीच कारणासकट निवडा. दहा करायच्याच असतील तर रेघ ०.०५ ÷ १० म्हणजे ०.००५ वर न्या. गाईड आग्रह धरतील, कारण मागच्या बॅचच्या थिसीसमध्ये तसं आहे. तेव्हा निदान चर्चेत लिहा की दहा टेस्ट केल्या आणि त्यांतली ही एक आहे.

एकही घटना घडली नाही तर? "६० जणांना लस दिली, एकालाही रिॲक्शन आली नाही, म्हणून सुरक्षित." शून्य घटना असतील तर ९५ टक्क्यांची वरची मर्यादा साधारण ३ ÷ सॅम्पल. ३ ÷ ६० म्हणजे ५ टक्के. वीस जणांत एक इतकी रिॲक्शनसुद्धा या डेटाशी विसंगत नाही.

एका बाजूला झुकलेला डेटा

दंशापासून प्रतिलस मिळेपर्यंतची मिनिटं: ४०, ५०, ५५, ६०, ७०, ७५, ९०, १२०, ६००. सरासरी १२९. नऊपैकी आठ जण त्या सरासरीच्या खाली! घाटमाथ्यावरच्या वाडीतून आलेल्या एकाने ती ओढून नेली. अशा डेटाला मीडियन (क्रमाने लावल्यावरचा मधला आकडा, इथे ७०) आणि इंटरक्वार्टाइल रेंज (मधल्या निम्म्या आकड्यांचा पट्टा) द्या, दोन गटांना मॅन-व्हिटनी टेस्ट, जोड्यांना विलकॉक्सन टेस्ट. ओळखायची खूण: आकडा शून्याखाली जाऊच शकत नाही आणि एसडी सरासरीच्या अर्ध्याहून मोठी आहे, तर डेटा झुकलेला असण्याची शंका घ्या. वॉर्डातले मुक्कामाचे दिवस, बिलाची रक्कम, सीआरपी, क्रिएटिनिन ही नेहमीची मंडळी. आणि तो ६०० वाला पेशंट "आउटलायर" म्हणून खोडू नका. आकडा टायपिंगची चूक नाही एवढं केसपेपरवर बघा, आणि ठेवा.

सॅम्पल साइझ

टक्केवारी काढायची असेल तर आपल्याकडे चालणारं सूत्र ४ × पी × क्यू ÷ एल चा वर्ग. इथे पी म्हणजे पी व्हॅल्यू नव्हे, अंदाजे प्रमाण, क्यू म्हणजे १०० वजा पी, एल म्हणजे चालणारी चूक. घोळ एल मध्ये. प्रमाण २० टक्के धरलं आणि "१० टक्के चूक" म्हटलं, तर १० टक्के पॉइंट (उत्तर १० ते ३० मध्ये) की २० चे १० टक्के (१८ ते २२ मध्ये)? पहिल्यात सॅम्पल ६४, दुसऱ्यात १६००. सिनॉप्सिसमध्ये कुठला अर्थ धरला ते लिहा. ६४ वाल्याने १० ते ३० असं उत्तर मिळून काय साधणार, हाही विचार करा.

दोन गटांच्या सरासरींसाठी (८० टक्के पॉवर, म्हणजे खरा फरक असला तर तो पकडण्याची शक्यता, आणि ०.०५ पातळी) ढोबळ सूत्र: प्रत्येक गटात १६ × एसडीचा वर्ग ÷ फरकाचा वर्ग. एसडी १.६ आणि हिमोग्लोबिनमध्ये १ ग्रॅमचा फरक पकडायचा तर ४१-४१. अर्धा ग्रॅम पकडायचा तर १६४-१६४. फरक किती धरायचा हे स्टॅटिस्टिशियन सांगू शकत नाही. किती फरकाने पेशंटचं भलं होतं हे तुम्हालाच माहीत असतं. गळती १० टक्के धरली तर मिळालेल्या आकड्याला ०.९ ने भागा.

शीट आणि सॉफ्टवेअर

एका ओळीत एक पेशंट, एका स्तंभात एक गोष्ट. "१४०/९०" एका खान्यात नको, दोन स्तंभ करा. "१०.५ ग्रॅम" नको, नुसतं १०.५, कारण शब्द आला की तो आकडा उरत नाही. माहिती नसेल तर खाना रिकामा सोडा. शून्य घातलंत तर सरासरीत धरलं जातं, आणि ९९ घालून नंतर विसरलात तर ९९ वर्षांचे सात पेशंट तुमच्या बालरोग वॉर्डात निघतात. तारखांत दिवस-महिना उलटा होतो, म्हणून भरून झाल्यावर डिस्चार्ज वजा ॲडमिशन काढून बघा. उणे आकडा आला की कुठे चुकलं ते कळतं.

एक्सेलमध्ये एसडीची दोन फंक्शन्स आहेत, सॅम्पलसाठी एस वालं घ्या, ते एक वजा करून भागतं. टी-टेस्टच्या फंक्शनमध्ये शेवटचा आकडा प्रकार ठरवतो: १ पेअर्ड, २ सारख्या एसडीचा, ३ वेल्च. त्याआधीचा टेल्सचा आकडा २ ठेवा. ते थेट पी देतं, टी नाही. काय-स्क्वेअरच्या फंक्शनला अपेक्षित आकड्यांचं टेबल तुम्हालाच करून द्यावं लागतं. याचा कंटाळा येत असेल तर जामोव्ही आणि आर ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. कुठलंही घ्या, पण वरची आठ नर्सेसची आणि विंचवाची उदाहरणं आधी त्यात घालून ५.२९ आणि ३३.६ येतात का ते बघा. आले की मग स्वतःचा डेटा घाला.

निकाल लिहिताना क्रम असा ठेवा: दोन्ही गटांचे आकडे, फरक, त्याचा ९५ टक्के इंटरव्हल, शेवटी पी. उदाहरणार्थ: "शिकवल्यानंतर सरासरी स्कोअर १० वरून १३ झाला, सरासरी वाढ ३ (९५% सीआय १.७ ते ४.३), पेअर्ड टी ५.२९, डीएफ ७, पी ०.००१." सॉफ्टवेअर ०.००० दाखवतं तिथे "०.००१ पेक्षा कमी" लिहा, पी कधी शून्य नसते. आणि स्टॅटिस्टिशियनकडे जाताना पेनड्राइव्हसोबत चार कागद न्या: एका वाक्यातला प्रश्न, रिकामं टेबल, सॅम्पल कसं निवडलं त्याची नोंद, आणि प्रत्येक स्तंभात काय आहे याची यादी. भेट एथिक्स कमिटीच्या आधी घ्या, सबमिशनच्या आदल्या आठवड्यात नको.